ज्ञानदेव खुपसे यांचे दुसरे गाणे

ज्या लग्नात ‘भोंगा झाला, डबा कुठाय’ हे गाणे वाजले नाही, ते लग्न कायदेशीर धरावे की नाही, अशी शंका १९६८ ते १९७६ या काळात पिंपरी-चिंचवडच्या लोकांना असावी, असे उपलब्ध पुराव्यावरून वाटते. देहूरोडपासून मोशीपर्यंत कुठेही चौकशी केली, तर तिशी ओलांडलेला जवळजवळ प्रत्येक जुना रहिवासी हे गाणे संपूर्ण म्हणून दाखवतो. बहुतेक वेळा न विचारता. ते गायले कुणी, असे विचारले की निम्मे लोक मुंबईच्या कुठल्यातरी नामांकित गायकाकडे त्याचे श्रेय देतात, आणि उरलेले ‘आमच्याच इथं कंपनीत एक जण होता’ एवढ्यावर थांबतात. दुसरा गट बरोबर आहे. तो एक जण म्हणजे ज्ञानदेव खुपसे, टर्नर, राहणार खराळवाडी.

ज्ञानदेव मूळचे करमाळा तालुक्यातले. १९६३ साली ते पिंपरीला आले, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लेथवर लागले आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी पत्नी यशोदाबाईंसह संसार मांडला. त्यांचा हात सफाईचा होता, आवाज मोकळा होता आणि झोप अत्यंत गाढ होती. पहिली पाळी सकाळी सातची. १९६६ च्या ऑगस्टमध्ये ते एकाच आठवड्यात तीन वेळा उशिरा पोचले, तेव्हा टाइम-ऑफिसने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला. तो खुलासा कारखान्याच्या जुन्या फायलीत अजून आहे आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे: ‘भोंगा झाला तेव्हा डबा सापडत नव्हता. डबा सापडला तेव्हा भाकरी झाली नव्हती. भाकरी झाली तेव्हा कालवण राहिले होते. कालवण झाले तोपर्यंत भोंगा होऊन गेला होता. तरी माफी असावी.’ खाली फोरमनचा लाल पेन्सिलीतला शेरा आहे: ‘असमाधानकारक.’ एका अफाट लोकप्रिय गीताच्या पहिल्या खर्ड्यावर झालेली ही एकमेव लेखी समीक्षा होय.

खुलाशातील माहिती कितपत खरी होती, हे तपासणे क्रमप्राप्त होते. यशोदाबाईंनी त्याबाबत जराही संदिग्धता ठेवली नाही. “साडेपाचाला डबा फडक्यात बांधून दारात ठेवायची मी. तीन वर्सांत एक दिस चुकला न्हाई. ह्यो माणूस पांघरुणात, आन् गाणं माझ्यावर! आख्ख्या खराळवाडीला वाटतंय मी धा वाजेस्तवर लोळतीया.” शेजारी बसलेल्या ज्ञानदेवांनी यावर “गाण्यात थोडंफार घालावं लागतंय,” एवढेच सांगितले. थोडेफार म्हणजे सगळे, असे येथे नोंदवून ठेवतो.

खुलाशाला चाल त्याच वर्षी खंडेनवमीला लागली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी येथील कारखान्यांत यंत्रे बंद ठेवून, पुसून-धुऊन, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा करतात. कामगारांच्या बायकामुलांना आत येऊ देतात आणि दुपारी करमणुकीचा कार्यक्रम होतो. ज्या यंत्राने वर्षभरात दोन-तीन बोटे खाल्ली त्यालाही त्या दिवशी कुंकू लागते. या कार्यक्रमाची जबाबदारी कामगार कल्याण अधिकारी मधुसूदन रिसबूड यांच्याकडे होती. रिसबूड पुण्याहून रोज स्कूटरने येत आणि नाट्यसंगीत वगळता उर्वरित गायनाला ‘आवाज’ म्हणत. १९६६ साली ठरलेले शाहीर आले नाहीत, म्हणून त्यांनी नाइलाजाने ज्ञानदेवांना तीन मिनिटे दिली. ज्ञानदेवांनी आपला असमाधानकारक खुलासा हलगीच्या ठेक्यावर म्हटला. लोकांनी तो चार वेळा म्हणून घेतला. शेवटच्या वेळी फोरमनही टाळ्या वाजवत होता, असे तिघे साक्षीदार सांगतात, फोरमन नाकारतो.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीने ज्ञानदेवांना बोलावले. मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची लहान तबकडी काढायची होती. पहिली बाजू ठरलेलीच होती, पण तबकडीला दुसरी बाजूही असते, ही अडचण स्टुडिओत पोचल्यावर लक्षात आली. “दुसरं काय येतं?” असे विचारल्यावर ज्ञानदेवांनी बिचकत सांगितले की एक हाय, पर ते हसायचं न्हाई. ध्वनिमुद्रकाने घड्याळ पाहिले आणि “काय पण चालेल,” असा कलाविषयक निर्णय दिला. पहिल्या गाण्याला सतरा प्रयत्न लागले होते. दुसरे एकाच दमात झाले, कारण वादकांचा वेळ संपत आला होता. त्याची सुरुवात अशी:

दारी लिंब लावला, त्याला पाणी कोण घालतं,
माझ्या सावलीत आता कोण उठतं, कोण बसतं.

गाव सोडण्याआधी ज्ञानदेवांनी घरापुढे कडुलिंबाचे रोप लावले होते. पुढे घर भावकीकडे गेले आणि झाडही त्याबरोबर गेले. भोंग्याचे गाणे त्यांनी नोकरी वाचवायला रचले होते. हे मात्र कुणीही न मागता, लेथवर उभ्या उभ्या, दोन वर्षे घोळवून केले होते. आपण गाणारा आहोत असे त्यांना स्वतःला वाटत असे ते या दुसऱ्या गाण्यामुळे, आणि ते एकदा तरी चारचौघांत लोकांनी नीट ऐकावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. अपेक्षा माफक असली की ती पुरी व्हायला जास्त वेळ लागतो, असे या प्रकरणावरून दिसते.

कंपनीने त्यांना मानधनाखेरीज तबकडीच्या दोन प्रती दिल्या. घरी वाजवायला यंत्र नव्हते. पहिली प्रत त्यांनी रिसबुडांना आदराने भेट दिली. रिसबुडांनी ती काचेच्या चौकटीत बसवून कल्याण विभागाच्या भिंतीवर चार स्क्रूंनी पक्की केली: भोंग्याची बाजू लोकांकडे, लिंबाची बाजू भिंतीकडे. “आमच्या कामगाराची कामगिरी,” असे ते पाहुण्यांना दाखवत. ही प्रत आजही उत्तम स्थितीत आहे. तिची कुठलीच बाजू कुणी ऐकलेली नाही.

दुसरी प्रत चिंचवडच्या दौलतरावांकडे गेली. लाउडस्पीकर, फोनो आणि लग्नाची रोषणाई भाड्याने देणारे दौलतराव हे त्या काळी या पट्ट्याचे संगीतविषयक सर्वोच्च न्यायालय होते. त्यांची कामाची एक पद्धत होती. वरात दारात आली की घाईत तबकडीची भलतीच बाजू लागते आणि मांडवात फजिती होते, म्हणून ज्या बाजूला गिऱ्हाईक नाही तिच्यावर ते मैद्याच्या खळीने वर्तमानपत्राचा गोल कागद चिकटवून टाकत. या दोन सोडल्या, तर आतापर्यंत मला या तबकडीच्या नऊ प्रती पाहायला मिळाल्या. नऊही प्रतींची भोंग्याची बाजू सुईने घासून राखाडी झाली आहे. चार प्रतींवर लिंबाच्या बाजूला कागद आहे, कारण दौलतरावांची युक्ती धंद्यातल्या इतरांनीही उचलली. उरलेल्या पाच प्रतींची ती बाजू आरशासारखी चकचकीत आहे. दुर्लक्षाइतके जतन कुठलेही पुराभिलेखागार करू शकत नाही.

ज्ञानदेवांना हा कागद पहिल्यांदा दिसला तो १९६९ मध्ये, मोशीच्या एका लग्नात. त्या वेळचे संभाषण दौलतरावांनी स्वतःच, कसलाही संकोच न बाळगता, सांगितले.

“दौलतराव, ह्ये काय केलंत? माझ्या गाण्यावर कागद?”

“तुमच्या एका गाण्यावर. दुसरं तर सकाळधरनं चार बार वाजलं की राव.”

“एकदा ह्ये बी लावा की.”

“आवो खुपसे, लग्नात लोकं नाचाया येत्यात. रडायचं काम नवरीच्या आईकडं हाय, तिला तबकडी लागत न्हाई.”

पुढची पाच वर्षे ज्ञानदेव जिथे दिसतील तिथे लोक भोंगा मागत राहिले. बारशात, सत्यनारायणाला, एकदा तर सरकारी दवाखान्याच्या रांगेत. ज्ञानदेव कंटाळून म्हणत, वैतागून म्हणत, पण म्हणत. “लोक मला गाणं मागत न्हाईत, शिट्टी मागत्यात,” असे ते यशोदाबाईंकडे कुरकुरत. यशोदाबाईंचे उत्तर ठरलेले असे: “मग ते लिंबाचं म्हणा की वो. निदान त्यात माझी बदनामी न्हाई.”

अखेर १९७४ साली, चाळीतल्या सत्यनारायणाला, दौलतराव लिंबाची बाजू लावायला कबूल झाले. त्यामागे कलाप्रेम नव्हते. यशोदाबाईंनी त्यांना सकाळी शिऱ्याची दुसरी वाटी वाढताना अट घातली होती. कागद काढायला सुरुवात झाली आणि मैद्याच्या खळीचे सामर्थ्य सर्वांना समजले. सहा वर्षांत ती दगड झाली होती. आधी पाणी लावले. वरचा कागद निघाला, खालचा राहिला. मग रॉकेलचा बोळा फिरवला. त्याने कागदावरची शाई सुटली आणि तबकडीवर पसरली. तेव्हा चाळीतल्या एका हुशार फिटरने दाढीचे पाते आणले. लोखंडावरचा गंज जसा खरवडतात तसे त्याने अत्यंत मन लावून, एकही कोपरा न सोडता, गाणे खरवडून काढले. ज्या माणसांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची पारख होती, त्यांच्यापैकी कुणालाही तबकडीवरच्या रेघा म्हणजेच गाणे, हे त्या क्षणी सुचू नये, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला मिळालेले नाही. ज्ञानदेव तिथेच उभे होते. पाते त्यांनीच पुसून दिले.

सुई टेकली. खरखरीतून ‘दारी लिं’ एवढे उमटले, मग पुन्हा ‘दारी लिं’, मग पुन्हा. मांडवातून आवाज आला, “दौलतराव, सुई बदला!” पाठोपाठ दुसरा: “भोंगा लावा वो!” दौलतरावांनी तबकडी उलटली. मुले नाचू लागली. ज्ञानदेव उठून प्रसादाच्या पातेल्यापाशी गेले आणि द्रोण वाटत बसले.

नवी प्रत मिळेना. कंपनीने तबकडी काढणे बंद केले होते. मग त्यांना भिंतीवरची चौकट आठवली. त्यांनी रिसबुडांना रीतसर अर्ज दिला की तबकडी एक दिवसासाठी उतरवावी. अर्जावर रिसबुडांचा शेरा आहे: ‘भिंतीचा गिलावा पडेल. नामंजूर.’

यानंतरची सात वर्षे भोंगा हळूहळू थांबत गेला. दौलतरावांनी कॅसेटचे यंत्र घेतले आणि लग्नांत हिंदी गाणी वाजू लागली. ज्ञानदेवांना ओळखून अडवणाऱ्यांची संख्या कमी झाली. हे त्यांच्या लक्षात आले होते की नाही, हे सांगता येत नाही. कुरकुर मात्र त्यांनी पूर्वीइतक्याच नेटाने चालू ठेवली होती. खंडेनवमीला ते दरवर्षी भोंगा म्हणत, दरवर्षी त्यांचा क्रमांक एकेक पायरी खाली जाई, आणि १९८० च्या छापील कार्यक्रमपत्रिकेत ते ‘आभारप्रदर्शन’ आणि ‘अल्पोपाहार’ यांच्या मध्ये आढळतात.

१९८१ च्या खंडेनवमीच्या आठवडाभर आधी त्यांनी रिसबुडांना सांगितले की यंदा म्हटले तर लिंबाचेच म्हणेन, नाहीतर म्हणणार नाही.

“खुपसे, मंगल दिवस आहे. यंत्रांपुढे रडगाणं कशाला?”

“सायेब, लेथला काय कळतंय? त्यो तर रोजच वरडतोय.”

“आणि लोकांनी भोंगा मागितला तर? दंगा करतील ते.”

“करू द्या. पंधरा वर्सं म्हणलो. आता न्हाई म्हणणार. मागितला तरी न्हाई.”

रिसबुडांनी त्यांचे नाव काढून टाकले. त्या वर्षी पुण्याहून ऑर्केस्ट्रा बोलावला होता, त्यामुळे कुणाची उणीव भासण्याचे कारण नव्हते. पण कार्यक्रमाच्या दिवशी ऑर्केस्ट्राची गाडी दापोडीला बंद पडली. समोर सातशे माणसे, झेंडूने मढवलेली यंत्रे आणि रिकामा मंच. रिसबूड मंचावरून उतरले आणि गर्दीत ज्ञानदेवांना शोधत आले. “म्हणा काय म्हणायचं ते,” असे ते म्हणाले. कारखान्याच्या सांस्कृतिक इतिहासातले सर्व महत्त्वाचे निर्णय कुणी न आल्यामुळे झालेले आहेत.

ज्ञानदेव माइकसमोर गेले. हलगी नव्हती, पेटी नव्हती. यशोदाबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. ज्ञानदेवांनी डोळे मिटले आणि लिंबाचे गाणे सुरू केले. त्यांनी ते सगळे, कुठेही न चुकता, म्हटले. कुणी ओरडले नाही. कुणी सुई बदला म्हणाले नाही. हे सर्व साक्षीदारांना मान्य आहे. एक जण म्हणतो की लोक भारावून गप्प होते, दुसरा म्हणतो की बुंदीची पाकिटे वाटायला सुरुवात झाल्यामुळे गप्प होते. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

गाणे संपले. एखाद्या पाहुण्याच्या भाषणाला पडतात तेवढ्या टाळ्या पडल्या आणि वेळेवर थांबल्या.

ज्ञानदेव माइकपासून हलले नाहीत. यशोदाबाई सांगतात, ते समोर बघत उभे होते, हात माइकच्या दांड्यावर. “मला वाटलं, पाठीत उसण भरली.” खरी गोष्ट वेगळी होती. ते थांबले होते. कुणीतरी मागून ‘भोंगा!’ म्हणेल, मग दहा जण म्हणतील, मग आपण मान हलवून नाही म्हणू, हे त्यांनी आठवडाभर ठरवून ठेवले होते. नकार कसा द्यायचा त्याची तयारीही केली होती. नकाराला मागणी लागते. समोर बसलेल्यांतले बहुतेक गेल्या पाच वर्षांत लातूर, बीड, जळगावहून आलेले होते. त्यांना भोंगा म्हणजे फक्त सकाळी सात वाजता होणारा आवाज ठाऊक होता. जुने लोक पाकिटांच्या रांगेत होते.

मागणी आली नाही. मंचाच्या बाजूने उशिरा पोचलेली ऑर्केस्ट्राची माणसे ड्रम घेऊन चढू लागली. तेव्हा ज्ञानदेव वाकून रिसबुडांना म्हणाले, आणि माइक चालू असल्यामुळे ते सातशे जणांनी ऐकले:

“सायेब, भोंगा म्हणू का?”

“वेळ नाही, खुपसे. उतरा आता.”

ते उतरले. यशोदाबाईंकडे न जाता सरळ कॅन्टीनच्या खिडकीकडे गेले आणि चहा मागितला. खिडकीत विमलबाई होत्या. या पाटोद्याच्या, नवऱ्यापाठोपाठ दोन वर्षांपूर्वी इकडे आलेल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी चहा दिला आणि त्या म्हणाल्या, “दादा, गाणं लिहून देता का?”

ज्ञानदेवांचा चेहरा उजळला, असे विमलबाई सांगतात. “घ्या की लिहून,” म्हणत त्यांनी सांगायला सुरुवातही केली. विमलबाईंनी चहाच्या पाळ्यांच्या तक्त्यामागे जे पेन्सिलीने उतरवले ते पान त्यांनी जपून ठेवले आहे. त्यावरची पहिली ओळ ‘भोंगा झाला डबा’ अशी आहे आणि ती खोडलेली आहे.

“हे न्हाई ओ. हे काय आहे? मघाचं सांगा, लिंबाचं.”

“लिंबाचं?”

“मग? आमच्या दारातबी हाय. आता तिथं दिरानं म्हशी बांधल्यात.”

ज्ञानदेवांनी कप खाली ठेवला. मग एकेक ओळ सांगितली, विमलबाई लिहीत गेल्या. आठ ओळी आहेत. पाचवी ओळ तबकडीवर अशी आहे: ‘गेलो तवा खांद्याएवढा, आता कौलावर गेला’. पानावर ‘खांद्याएवढा’ खोडून वर ‘कमरेएवढा’ केले आहे, आणि ते अक्षर विमलबाईंचे नाही. खुलाशातल्या अक्षराशी ताडून पाहिले असता ते ज्ञानदेवांचे ठरते. या बदलाचे कारण विमलबाईंनी त्याच वेळी विचारले होते.

“खरं म्हंजे कमरेएवढाच हुता,” ज्ञानदेव म्हणाले. “चालीत बसंना म्हणून खांदा घातला हुता. कोण इचारतंय म्हणून ठेवला तसाच.”

“आता बसतंय का?”

त्यांनी ओळ गुणगुणून पाहिली. “न्हाई बसत.”

“मग बसवा की.”

मंचावर ऑर्केस्ट्रा सुरू झाला होता. ज्ञानदेव खिडकीच्या फळीवर बोटांनी ठेका धरून तीच ओळ पुन्हा पुन्हा, हळू आवाजात म्हणू लागले. यशोदाबाई त्यांना शोधत आल्या, तेव्हा चहावर साय धरली होती आणि ती ओळ अजून बसत नव्हती.